तक्रार खिडकीमागची आग

१

सरकारी लाकूड जळलं की त्याचा एक वेगळाच घाणेरडा वास येतो. त्यावर वर्षानुवर्षं सांडलेला चहा, पुसलेले तेलकट हात, खाली चिकटवलेलं च्युइंगम, हे सगळं त्या धुरात असतं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पाऊल टाकलं आणि तो वास थेट घशात गेला. मी नाकाला रुमाल लावला नाही. लावला की समोरचे लोक खोटं बोलायला लागतात, असा माझा अनुभव आहे. इथे तर नाक उघडं ठेवूनही सगळे खोटंच बोलले, तो भाग वेगळा.

माझं काम तसं सोपं आहे. दवाखाना, शाळा, विजेचं ऑफिस, कुठेही कोणी दगड मारला, काच फोडली, कर्मचाऱ्याची कॉलर धरली, की खातं मला पाठवतं. काय झालं ते मी बघायचं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं ते सुचवायचं. बहुतेक वेळा मी जाळी सुचवते. म्हणून माझ्यामागे मला जाळीबाई म्हणतात. तोंडावर मॅडम म्हणतात, आणि चहा आणतात.

या ऑफिसात दोन दिवसांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, तक्रार खिडकीच्या आतल्या बाजूला पेट्रोलने भरलेली पेटती बाटली फुटली. खिडकीवरचे दोघे कारकून तेव्हा मागच्या खोलीत जेवत होते. पण सफाईचं काम करणारी मावशी खिडकीच्या आतच, खाली जमिनीवर बसून डबा खात होती. अंगावरचे कपडे विझवताना तिचे दोन्ही हात भाजले.

आरोपी त्याच संध्याकाळी सापडला होता. एक निवृत्त बसचालक, सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. त्या दिवशी सकाळी त्याने खिडकीवर तमाशा केला होता. "एक दिवस हे ऑफिस पेटवून देईन," असं तो रांगेतल्या सगळ्यांसमोर ओरडला होता आणि त्याच्या हातात सरबताची एक बाटली होती, मानेला निळी तार गुंडाळलेली. आगीच्या जागी ज्या काचा सापडल्या, त्यात मानेचा तुकडा होता. निळ्या तारेसकट.

"सरळ केस आहे मॅडम," फौजदार म्हणाला. पोट सुटलेला, कामाचा कंटाळा आलेला, पण स्वभावाने वाईट नव्हे असा माणूस. "काच आत, तार आत, म्हातारा आत. तुम्ही हल्ला म्हणून सही करा, मी आरोपी पुढे पाठवतो. दोघंही घरी जाऊन जेवू."

"आणि म्हाताऱ्याला किती होईल?"

"बाई भाजली आहे. इमारत सरकारी आहे. त्याचं वय बघता, बाहेर येईल असं नाही वाटत." त्याने खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली.

फाटकापाशी मला काकांची मुलगी भेटली. साध्या कपड्यातली, चाळिशीची, डोळे सुजलेले. तिने माझा रस्ताच अडवला.

"माझे वडील तापट आहेत. शिव्या देतात, दारं आपटतात. सगळं खरं," ती म्हणाली. "पण बाटली ते आतच देऊन आले होते. रिकाम्या हाताने घरी आले. मी स्वतः विचारलं, बाबा, बाटली कुठे? तर म्हणाले, ज्यांची घाण त्यांना परत केली."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, मुलगी बापाच्याच बाजूने बोलणार. तुमची सही झाली की संपलं, असंही म्हणाले."

मी तिला काही आश्वासन दिलं नाही. आश्वासनं देणाऱ्यांची मला किळस येते. मी आत गेले आणि गुडघे टेकून खिडकीच्या मागे बसले.

खिडकी म्हणजे एक मोठी काच, तिच्या तळाशी हात जाईल एवढं अर्धगोल भोक. भोकाच्या आतल्या बाजूला भिंतीत ठोकलेली रुंद फळी, कारकुनाच्या टेबलासारखी. बाहेरून कोणी काहीही फेकलं तर ते फळीवर पडणार, नाहीतर फळी ओलांडून पलीकडे खोलीत जाणार. फळीचा वरचा भाग जवळजवळ कोरा होता, नुसती कड काळवंडली होती. पण फळीच्या खाली, खिडकीच्याच भिंतीवर, कोळशाने रंगवल्यासारखा मोठा काळा पट्टा होता आणि सगळ्या काचा त्याच्या पायथ्याशी होत्या.

बाटली बाहेरून आलीच नव्हती. ती ऑफिसच्या आतून कोणीतरी फेकली होती.

२

फौजदाराला मी ते दाखवलं. त्याने वाकून बघितलं, कंबर धरली, आणि म्हणाला, "घरंगळली असेल."

"पेटती बाटली फळीवरून घरंगळून, उलटी फिरून, भिंतीवर जाऊन फुटली?"

"तुम्ही जाळीचं बघा ना मॅडम."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. केबिन थंड, काचेचं, आणि आतून कडी असलेलं. साहेब मध्यमवयीन, चकचकीत दाढी केलेला, आणि अतिशय दुखावलेला. मला वाटलं मावशीबद्दल.

"माझा कोट गेला," तो म्हणाला.

"काय?"

"नवा कोट. केबिनमध्ये खुंटी नाही म्हणून खिडकीमागच्या खुंटीवर टांगतो. पहिल्यांदाच घातला होता. तुमच्या खात्याकडून काही भरपाई वगैरे मिळते का?"

त्याच खिडकीमागे एक बाई जिवंत भाजली होती आणि हा माणूस बाह्यांचं माप सांगत होता. मी ते गिळलं. असले घोट गिळायचाच मला पगार मिळतो.

"तुम्ही खिडकी कायमची बंद करायची मागणी केली होती, म्हणे."

"तीनदा! लोकांनी तक्रारी पेटीत टाकाव्यात, नाहीतर फोन करावा. समोरासमोर कशाला? तीनदा नाही म्हणाले वरचे. हल्ला झाल्याशिवाय खिडकी बंद करता येत नाही, असा नियम आहे." तो पुढे झुकला. "आता झाला ना हल्ला? आता तरी करा."

"तुम्हाला बरं झालं मग."

"बरं म्हणजे काय, माणसं सुखाने काम तरी करतील."

फोन कोण उचलणार, हे मी विचारलं. त्याने खांदे उडवले. त्याला खिडकी बंद हवी होती, त्याच्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या होत्या, आणि आग लागली तेव्हा तो केबिनमध्ये एकटा होता. केबिनमधून बाहेर पडताना मला वाटलं, मिळाला माझा माणूस.

मला तेव्हा खरोखर तसंच वाटलं होतं. इतका तो मला आवडला नव्हता.

३

मागच्या खोलीत खिडकीवरचे दोघे कारकून बसले होते. एक मोठ्याताई. भरल्या अंगाच्या, मऊ आवाजाच्या, साऱ्या ऑफिसच्या ताई. दुसरा एक किरकोळ माणूस, दम्याचा फवारा खिशात ठेवून फिरणारा. त्याला सगळे दमेकरी म्हणत आणि तोही ओ देत असे.

"बसा ना मॅडम, खुर्ची कडक आहे हो," असं म्हणून दमेकऱ्याने लोखंडी कपाट उघडलं. आतून एक उशी काढली आणि माझ्या खुर्चीवर ठेवली. लोकरीची फुलं विणलेली. कपाटात दुसरी एक उशी होती, गोल आणि मधे भोक असलेली. तिच्याबद्दल मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. शेजारी छोटा टेबलपंखा होता, वायर नीट गुंडाळलेली, आणि दोन चिनी मातीचे मग.

"माझी उशी आहे ती," ताई म्हणाल्या. "सरकारी खुर्चीवर बसून माझी कंबर गेली. उशा घरून, पंखा दोघांच्या वर्गणीतून. सरकार काय देतं आम्हाला?"

आणि मग ताईंनी सांगायला सुरुवात केली. ते मात्र सगळं खरं होतं, हे मला मान्यच केलं पाहिजे. त्यांनी मला दारातूनच खिडकीच्या काचेवरचा डाग दाखवला. भोकातून आत थुंकतात लोक. पान खाऊन थुंकतात. एकाने ताईंचा हात आत धरून पिरगळला होता. दमेकऱ्याला दोघांनी बाहेर गाठून गटारात ढकललं होतं. एका बाईने बाळाचं घाण झालेलं लंगोट भोकातून आत टाकलं होतं, पाणी नाही तर तुम्हीच धुवा म्हणून.

"आम्ही काय पाण्याच्या टाकीवर बसलोय का हो?" ताईंचा आवाज भरून आला. "पाणी सोडणारा वेगळा, पाइप फोडणारा वेगळा, आणि तोंडावर थुंकून घ्यायला आम्ही."

मला त्यांची दया आली. मी अशी कित्येक माणसं पाहिली आहेत. जबडा मोडलेली नर्स पाहिली आहे, टाके घातलेला शाळेचा शिपाई पाहिला आहे. लोकांची सेवा करणाऱ्याला लोक फुटपाथसारखं वापरतात.

"आणि आमची मावशी बिचारी," ताई रडायला लागल्या. "कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्या राक्षसाला फाशी द्या."

"आग लागली तेव्हा तुम्ही दोघं इथेच होता?"

"इथेच. जेवत होतो," दमेकरी म्हणाला आणि त्याने फवारा ओढला. मी फक्त एक प्रश्न विचारला होता.

मी हात धुवायला उठले. खोलीच्या कोपऱ्यात बेसिन होतं. नळ सोडला, पाणी स्वच्छ आलं, पण ते खाली उतरेना. जाळीत काहीतरी अडकलं होतं. मी नखाने उचकटलं आणि लगेच हात मागे घेतला. काळा, चिकट गाळ होता, गटाराच्या वासाचा. आणि त्यात केसासारख्या बारीक, लाल अळ्या वळवळत होत्या.

"ताई, तुमच्या नळाला असं पाणी येतं?"

"छे हो!" त्या नाक मुरडून म्हणाल्या. "आमच्या टाकीत टँकरचं पाणी असतं. या भागाच्या नळाचं पाणी कोण वापरेल? हात लावायच्या लायकीचं नसतं ते."

४

ड्रायव्हरकाका कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला बघून म्हणाला, "आणखी एक आली."

"मी खिडकीच्या चौकशीला आले आहे."

"खिडकी ठीक आहे. खिडकीमागची माणसं सडलीत." तो उठला. उंच, ताठ. "माझ्या नळाला दोन आठवडे घाण येतेय. रोज जातोय. रोज म्हणतात, बघू. माझी नात तापाने फणफणलीय. म्हटलं, बघू म्हणता ना, मग बघाच. भरली बाटली आणि नेली."

"बाटलीत पेट्रोल नव्हतं?"

"पेट्रोल?" तो हसला, वाईट हसला. "काळं पाणी होतं, बाई. त्यात लाल अळ्या होत्या. उन्हात धरली की नाचायच्या. मी भोकातून आत सरकवली आणि म्हटलं, तुमच्या साहेबाला पाजा. पिऊन जिवंत राहिला तर मी रांगेत परत दिसणार नाही."

फौजदार माझ्यामागे उभा होता. "आरोपी काहीही बोलतो मॅडम."

"तुम्ही मागच्या खोलीच्या बेसिनमध्ये हात धुतलेत का?"

"नाही. का?"

"जाऊन धुवा."

तो गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या तोंडात बडीशेप नव्हती. रुमालाने पुन्हा पुन्हा बोटं पुसत होता. "म्हणजे म्हाताऱ्याची बाटली आत ओतून रिकामी केली कोणीतरी," तो सावकाश म्हणाला. "आणि ऑफिसच्या मागे जनरेटर आहे, त्याच्या डब्यातलं पेट्रोल भरलं. आणि सकाळी त्याने सगळ्यांसमोर ओरडून त्यांची सोय करून ठेवली होती."

"हो. पण कोणी? बेसिन साहेब आणि दोघे कारकून, तिघांच्याही वापरात आहे."

"साहेब," तो लगेच म्हणाला. "किल्ल्या, केबिन, खिडकी बंद हवी, सगळं जुळतं. उचलू का?"

मी हो म्हणणार होते. इतक्यात वरच्या ऑफिसातून माझा फोन वाजला. खिडकी बंद करायचा आदेश तयार आहे, संध्याकाळपर्यंत माझी सही हवी. सही नाही आली तर आगीचं कारण 'हल्ला' असंच धरून पुढे जातील. वर कोणालातरी घाई होती. चुकीचं नाव दिलं असतं तर दोन तासांत साहेब सुटला असता आणि काका पुन्हा आत गेला असता.

काकाने सगळं ऐकलं होतं. तो परत भिंतीकडे वळून बसला. त्याची मान बघून मला स्वतःच्या खात्याची जेवढी घाण वाटली, तेवढी त्या बेसिनची वाटली नव्हती.

५

मावशी सरकारी दवाखान्यात होती. दोन्ही हात कोपरांपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, पोटावर ठेवलेले. लहानखुरी, पन्नाशीच्या पुढची. चेहरा शाबूत होता आणि त्यावर राग होता.

"त्या ड्रायव्हरला सोडू नका," ती म्हणाली. "रोज मला म्हणायचा, बाई, तू तरी आत जाऊन सांग. जसं काही माझं कोणी ऐकतं!"

"तुम्ही त्याला बाटली फेकताना पाहिलं?"

"मी खाली बसलेली. खोक्यांच्या मागे. रोज तिथेच जेवते. साहेबांना कोणी जेवताना दिसलेलं चालत नाही, आणि मागच्या खोलीत..." ती थांबली. "मागच्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत."

तिथे तीन खुर्च्या होत्या. तिसरीवर मी बसले होते.

"फट्‌ आवाज झाला आणि सगळं लाल झालं. मी काही पाहिलं नाही."

"तुमचं काय काय जळलं?"

तिला हा प्रश्न आवडला. कोणी विचारलाच नव्हता. "चपला. पिशवी. डबा, म्हणजे डबा स्टीलचा, पण आता तो कोण वापरणार. माझा चष्मा. आणि मुलीने दिलेली ओढणी, ती बरी होती."

"आणि ऐका मावशी. जेवणाच्या सुट्टीत खिडकीमागचा पंखा कुठे असतो?"

"फळीवर. बंद करून जातात ते. मी परत चालू करते. दुपारी तिथे भट्टी असते हो, जीव जातो. उशाही खुर्च्यांवरच असतात." तिने कपाळ आक्रसलं. "त्या दिवशी पंखा नव्हता. मला वाटलं बिघडला असेल. घामाघूम होऊन जेवत होते मी."

मी खुर्चीवरून उठले. इतकी झटकन उठले की खुर्ची मागे पडली. मला सगळं कळलं होतं, आणि कळल्याचा आनंद अजिबात झाला नाही.

६

साहेब, ताई आणि दमेकरी, तिघांनाही मी मागच्या खोलीत बोलावलं. फौजदार दारात उभा राहिला. त्याने दार लावून घेतलं, तेव्हा दमेकऱ्याने फवारा काढला.

"साहेब," मी म्हटलं, "तुमचा कोट जळला, ही तुमच्यासाठी फार चांगली गोष्ट झाली."

"चांगली? अहो, लोकर होती ती!"

"आग लागणार हे तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही सगळ्यात आधी कोट काढून आणला असतात. तुमच्याबद्दल माझी एवढी खात्री आहे. तुम्ही निर्लज्ज आहात, पण आग लावणारे नाही."

मी कपाट उघडलं. फुलांची उशी काढली आणि फौजदाराच्या हातात दिली.

"वास घ्या."

त्याने बिचकत वास घेतला. "तेलाचा वास आहे. केसांच्या तेलाचा."

"आता त्या पडद्याचा घ्या."

"धुराचा." तो भिंतीवरच्या टॉवेलापाशी गेला. "याचाही. सगळ्याच खोलीला धुराचा वास आहे."

"धूर या खोलीत आला, पडद्यात शिरला, टॉवेलात शिरला, भिंतीत शिरला. कपाटात नाही शिरला, कारण कपाट बंद होतं. म्हणजे उशा आगीच्या आधी कपाटात गेल्या. पंखाही गेला, वायर गुंडाळून. चहाचे मगही गेले. रोज सुट्टीत त्या सगळ्या वस्तू खिडकीमागेच असतात. त्या एकाच दिवशी नव्हत्या."

"चोऱ्या होतात हो इथे," ताई म्हणाल्या. आवाज अजूनही मऊच होता. "म्हणून ठेवलं."

"चोराला तुमची भोकाची उशी हवी होती?" मी दमेकऱ्याकडे वळले. तो भिंतीला टेकला होता. "फळी जळली, ती सरकारी. खुर्च्या जळल्या, त्या सरकारी. भिंत सरकारी. तुम्हा दोघांची स्वतःची एक चिंधी जळली नाही. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांचं सगळं जळलं. साहेबांचा कोट, मावशीचा डबा, चपला, चष्मा. आग लागणार हे इथे कोणाला माहीत होतं, ते आगीनेच निवडून दिलंय."

दमेकऱ्याचा श्वास फुटक्या भोंग्यासारखा वाजायला लागला.

"मी फक्त उशा उचलल्या," तो म्हणाला. "आणि पंखा. शपथ घेतो. बाटली ताईंनी ओतली. ताईंनीच भरली, ताईंनीच फेकली. या दारातूनच, पलीकडे न बघता."

"गप्प बस," ताई म्हणाल्या.

"खिडकी बंद व्हावी एवढंच होतं मॅडम! कोणाला काही व्हायला नको होतं. फळी जळली असती, मग बंद केली असती त्यांनी खिडकी, आणि आमच्यावर कोणी थुंकलं नसतं. म्हातारा स्वतःच ओरडून गेला होता, पेटवीन म्हणून. ताई म्हणाल्या, हा रोज भुंकतो, याच्यावर सहज खपेल."

मला वाटलं ताई नाकारतील. त्या नाकारायला लागल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं. पण त्यांनी नुसते डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून, बायकांनी बायकांशी बोलावं तसं म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तरी समजून घ्या. तुम्हीच जाळ्या लावता ना सगळीकडे? लोक कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "आणि आता पुढच्या वेळी खरोखर कोणाच्या अंगावर बाटली पडली, की लोक म्हणतील, यांनीच लावली असेल. तुम्ही मार खाणाऱ्या प्रत्येकाची साक्ष खोटी पाडलीत."

मला एकच गोष्ट अजून विचारायची होती आणि उत्तराची भीती वाटत होती.

"मावशी रोज कुठे जेवते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. खोक्यांमागे."

"मग उशी कपाटात ठेवताना, पंख्याची वायर गुंडाळताना, चहाचे मग पुसून आत ठेवताना, ती आठवली नाही?"

ताईंनी खरोखर विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती.

"लक्षातच आलं नाही हो," त्या म्हणाल्या.

७

संध्याकाळच्या आत मी सही केली. वरच्यांना हव्या त्या कागदावर नाही, आग आतूनच लावली असं लिहिलेल्या कागदावर. वरून फोन आला की आदेश तर छापला होता, आता त्याचं काय करायचं. काय करायचं ते मी सांगितलं. ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

काकाला सोडताना फौजदाराने त्याला स्वतः फाटकापर्यंत नेलं, आणि माफी मागायच्या ऐवजी बडीशेप पुढे केली. काकाने ती घेतली नाही. मुलीने बापाचा दंड धरला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ते दोघं आधी नातीकडे गेले. नळ दुरुस्त करायला माणूस कधी येणार, ते मात्र कोणालाच सांगता आलं नाही.

मग मी दवाखान्यात गेले. मावशीला कोणीतरी सांगायलाच हवं होतं. साहेब सांगणार नव्हता. तो कोटाच्या भरपाईच्या खटपटीत होता.

मी तिच्या खाटेजवळ बसले आणि सरळ सांगितलं. ड्रायव्हरकाकाने काही केलं नाही. ताईंनी केलं, दमेकऱ्याला माहीत होतं. कशासाठी केलं, तेही सांगितलं. उशांचं सांगितलं नाही. तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

बाजूच्या खाटेवरची बाई खोकत होती. मावशीने आपल्या पट्ट्यांकडे पाहिलं, जणू ते हात दुसऱ्याच कोणाचे होते.

"आज दुपारी ताई आल्या होत्या," ती म्हणाली. "भात घेऊन. मला हात नाहीत ना. मांडीवर डोकं घेऊन भरवलं त्यांनी. घास घास करून. रडत होत्या. मी म्हटलं, ताई, माझ्या आईनेही असं भरवलं नव्हतं कधी."

मी तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

"मला चूळ भरायचीय," ती म्हणाली.

मी तांब्या आणला, एका हाताने तिची मान उचलली आणि पाणी तोंडाला लावलं. तिने चूळ भरली. मी तसराळं पुढे धरलं, ती त्यात थुंकली. मी तिचं तोंड पुसायला लागले तर तिने मान फिरवली.

"आणखी," ती म्हणाली.

मी पुन्हा पाणी लावलं. ती पुन्हा थुंकली. तांब्या रिकामा झाला तेव्हा तिने नुसतं नळाकडे बघितलं, आणि मी तो परत भरून आणायला उठले.